मिठाला जागणारे शब्द

'कुत्रा हा प्रामाणिक प्राणी आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. बाई त्यावर लाल शाई चालवत नाहीत, कारण लहानपणी त्यांनीही तेच लिहिलेलं असतं. वाक्य मात्र चुकलेलं आहे. प्रामाणिक हा शब्द 'प्रमाण'वरून आला. प्रमाण म्हणजे माप, पुरावा. ज्याचं बोलणं आणि वागणं मापाला उतरतं तो प्रामाणिक. कुत्र्याकडे कुणी हिशेब मागत नाही, त्याला साक्षीला बोलावत नाही. धनी स्वतः दरोडेखोर असला तरी कुत्रा धन्याच्याच बाजूने भुंकतो, आलेल्या पोलिसावर धावून जातो. याला मराठीत शब्द आहे : इमानी.

हा फरक बारीक वाटला तर दुकानात नेऊन बघावा. मालकाने दोन वह्या ठेवल्यात, एक खरी आणि एक दाखवायची. इमानी दिवाणजी दोन्ही वह्या सांभाळतो आणि बाहेर अवाक्षर काढत नाही. प्रामाणिक दिवाणजी दुसऱ्या वहीला हात लावत नाही. एकाच खुर्चीवर बसलेली ही दोन माणसं, आणि दोघांनाही आपण 'चांगला माणूस' म्हणतो. इमान माणसाशी असतं, प्रामाणिकपणा व्यवहाराशी. सरकारी भाषेने ही फट बरोबर ओळखली. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कर्मचाऱ्याकडून 'सचोटी' आणि 'कर्तव्यपरायणता' मागितलेली आहे. साहेबाशी इमान राखा, असं तिथे म्हटलेलं नाही. तरी निवृत्तीच्या समारंभात भाषण करणारा हमखास म्हणतो, 'यांनी तीस वर्षं इमानेइतबारे सेवा केली.' इतबार म्हणजे भरवसा. हा अरबी शब्द एके काळी मराठीत सुटा वावरत होता, आता बहुतेक या जोडशब्दातच जीव धरून आहे. इमानसुद्धा अरबीच. तिकडे त्याचा अर्थ धर्मावरची श्रद्धा. मराठीत येऊन ते पगार, मीठ आणि चाकरीला चिकटलं.

मिठावरून त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं क्रियापद निघतं : जागणे. खाल्ल्या मिठाला जागणे, शब्दाला जागणे, ब्रीदाला जागणे. सगळीकडे 'ला'. 'मिठाशी जागला' किंवा 'मिठावर जागला' असं होत नाही. आणि 'शब्दाला जगला' असं हल्ली छापून येतं, ती सरळ चूक आहे; इथे जगण्याचा संबंध नाही, झोप न लागण्याचा आहे. निष्ठेसाठी इतकं अचूक क्रियापद दुसरं सापडणार नाही, असं माझं मत. ज्याचं खाल्लं त्याची आठवण राहणं म्हणजे जागं राहणं. जुन्या कागदांत 'निमकहलाल' आणि 'निमकहराम' अशी जोडी भेटते. त्यातला पहिला शब्द मागे पडला आणि दुसरा शिवी होऊन उरला.

मीठ विसरणाऱ्यासाठी अस्सल मराठी म्हण आहे ती 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे'. पंगतीत बसून जेवला, हात धुतले, आणि वर बघून यजमानाच्या छपराला वासे किती, कुठला किडलाय, याची मोजदाद सुरू. हल्ली बातम्यांत 'ज्या थाळीत खाल्लं तिलाच भोक पाडलं' असं ऐकू येतं. ते हिंदीतून आलंय, आणि आपल्याकडे वासे असताना थाळी फोडायची गरज नाही. याच वाशांची दुसरी म्हण जास्त कडवट आहे : घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. जुन्या कौलारू घरात वासे वरच्या आढ्याला टेकलेले असतात. आढं सरकलं की वाशाला आपल्या जागी राहताच येत नाही. म्हणजे पहिल्या म्हणीत दोष खाणाऱ्याचा आहे. दुसरीत तो वाशांचा आहे की आढ्याचा, ते म्हण सांगत नाही.

निष्ठा या शब्दाची बांधणी वेगळी. 'नि' अधिक 'स्था', आत उभं राहणं. त्याच 'स्था'पासून तटस्थ निघाला, म्हणजे तटावर, काठावर उभा राहिलेला. मध्यस्थ दोघांच्या मधे उभा. तिघांचं मूळ एक, फक्त उभं राहायची जागा वेगळी. लिहिताना 'निष्टा' अशी चूक फार होते. ती टाळायला पाठांतर लागत नाही, नियम लक्षात असला की पुरे : आधी इ किंवा उ असेल तर 'स्था'तल्या स चा ष होतो आणि त्याच्या सोबतीने थ चा ठ होतो. म्हणून निष्ठा, प्रतिष्ठा, अधिष्ठान, अनुष्ठान. आधी अ किंवा अनुस्वार असेल तर काही बदलत नाही. म्हणून अवस्था, व्यवस्था, संस्था. कष्ट, स्पष्ट, इष्ट यांत 'स्था' नाहीच, म्हणून तिथे ट. (संस्कृत व्याकरण शिकणाऱ्यांना निष्ठा आणखी एका जागी भेटते. पाणिनीने क्त आणि क्तवतू या दोन प्रत्ययांना 'निष्ठा' असं नाव दिलंय. निष्ठा म्हणजे शेवट, पूर्णता असाही जुना अर्थ आहे. गत, कृत असे पूर्ण झालेल्या क्रियेचे शब्द या प्रत्ययांतून बनतात.)

निष्ठेला कुठलं शब्दयोगी लावायचं, इथे लोक सर्वांत जास्त अडखळतात. शाळेतल्या प्रतिज्ञेत देश आणि देशबांधव 'यांच्याशी निष्ठा राखण्याची' प्रतिज्ञा आहे. मंत्र्याच्या शपथेत संविधानाबद्दल 'खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन' असं आहे. भाविक म्हणतो, पांडुरंगावर निष्ठा आहे. तिन्ही बरोबर. 'शी' लागला की संबंध वागण्याचा असतो, त्यासोबत राखणे येतं. 'वर' लागला की भावनेचा, त्यासोबत ठेवणे किंवा असणे. 'बद्दल' हा कायद्याचा पेहराव, त्याला बाळगणे शोभतं. घरगुती बोलण्यात 'मला तुझ्याबद्दल निष्ठा आहे' म्हटलं तर समोरचा शपथविधीला आल्यासारखा उभा राहील. 'निष्ठा देणे' मात्र कुठेच नाही. निष्ठा ठेवतात, राखतात, वाहतात. ती ढळते, डळमळते. इंग्रजीवरून घाईने केलेल्या भाषांतरात 'त्याने आपली निष्ठा कंपनीला दिली' असं येतं. तिथे 'त्याने उभी नोकरी एका कंपनीत काढली' एवढं पुरतं.

शब्दाच्या बाबतीतही क्रियापद सांभाळावं लागतं. शब्द देतात, पाळतात. स्वतःचा दिलेला शब्द फिरवतात, दुसऱ्याचा शब्द सहसा मोडतात : 'वडिलांचा शब्द मोडला' म्हणजे त्यांचं ऐकलं नाही. आणि 'शब्द टाकणे' हे शब्द मोडण्याच्या जवळपासही नाही. ती रदबदली आहे. 'साहेबांकडे माझ्यासाठी एक शब्द टाका.'

निष्ठेला किंमत लागते तेव्हा मराठी काय म्हणते, यासाठी १६५९ सालाइतका चांगला दाखला नाही. अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीने मावळच्या देशमुखांना फर्मानं धाडली : खानाला येऊन मिळा. वतनदाराचा जीव वतनात. ते बादशाहाच्या शिक्क्यावर उभं, म्हणजे मीठ तिकडचं. कान्होजी जेधे ते फर्मान घेऊन शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. 'पाणी सोडणे' आज आपण सिनेमाच्या तिकिटासाठीही वापरतो. मुळात तो दानाचा विधी आहे. हातावरून पाणी सोडलं की वस्तूवरचा हक्क संपला, परत मागायची सोय नाही. त्याच वेळी खंडोजी खोपडे खानाकडे गेले. एकाच मावळातले दोन देशमुख. कान्होजींचं वागणं बादशाहाच्या दप्तरातून पाहिलं तर ती निमकहरामीच ठरते, हे विसरून चालत नाही. इमान आणि निष्ठा इथे समोरासमोर आल्या. ज्याचं खाल्लं त्याला जागायचं, की ज्याला मानलं त्याच्या बाजूने उभं राहायचं? शाळेच्या पुस्तकांत या दोन्हींना 'स्वामिनिष्ठा' असं एकच नाव मिळतं, आणि निवड करताना काय पणाला लागलं होतं ते त्या नावाखाली झाकलं जातं.

राजकारणात हा शब्द 'निष्ठावंत' होऊन आला. निष्ठावान आणि निष्ठावंत यांचा अर्थ एकच, पण वृत्तपत्रांनी कामं वाटून दिलीत. निष्ठावान हे विशेषण, निष्ठावंत ही जमात. निवडणुकीच्या तोंडावर 'निष्ठावंतांना डावललं' हा मथळा ठरलेला. निष्ठावंताची तक्रारही ठरलेली : आम्ही काय फक्त सतरंज्याच उचलायच्या? सभेआधी सतरंजी अंथरायची, सभा संपली की झटकून गुंडाळायची, आणि उमेदवारी काल आलेल्याला. तो काल आलेला 'आयात'. पलीकडचे त्याला गद्दार म्हणतात. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा एका बाजूने तिला गद्दारी म्हटलं, दुसऱ्या बाजूने उठाव म्हटलं आणि बातमीदारांनी बंड लिहिलं. यातला कुठला शब्द तुमच्या तोंडून निघतो, यावरून तुमची बाजू कळते.

कायद्याने यातला एकही शब्द घेतला नाही. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराच्या उड्यांवरून 'आयाराम-गयाराम' जन्माला आला. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तिथला शब्द 'पक्षांतर'. प्रश्न मोजके : सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं का, आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिलं का किंवा गैरहजर राहिलात का. पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं तर अपात्रताही नाही. म्हणजे मनात काय आहे ते कायदा विचारत नाही, हात कुठे वर झाला ते बघतो.

एका बाजूने उभं राहण्याचे आपले बरेच वाक्प्रचार हळूहळू कडू झालेत. 'तळी उचलणे' घ्या. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून तीन, पाच, सात अशा विषम संख्येने माणसं ते ताम्हन उचलतात, 'यळकोट यळकोट जय मल्हार' म्हणतात. सगळ्यांनी एकदम, एका लयीत उचलायचं, नाहीतर ताम्हन कलंडतं. आज 'अमक्याची तळी उचलतो' म्हटलं की बिनडोक समर्थन. 'पाठराखण'चंही तसंच. नव्या नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण, परक्या घरात तिला पहिले दिवस सोबत करणारी, हा किती मायेचा शब्द. आता पाठराखण फक्त आरोपीची होते. 'री ओढणे' हे गाण्यातलं, मागच्याने सूर धरून ठेवणं. तेही होयबाच्या वाट्याला गेलं. निष्ठेला आणखी खाली ढकललं की मिंधेपणा. मिंधा माणूस गप्प असतो तो उपकाराच्या ओझ्याने, आणि बाहेरून तो हुबेहूब निष्ठावानासारखा दिसतो.

फुटण्याचा शब्द 'फितूर'. हिंदीवाल्यांपुढे हा जपून वापरावा. त्यांच्याकडे फितूर म्हणजे डोक्यातलं खूळ, आपल्याकडे शत्रूला मिळालेला. किल्ले फितुरीने पडत, माणसं फितवली जात. आज तो कोर्टात जास्त दिसतो : 'साक्षीदार फितूर झाला.' पोलिसांसमोर एक बोलला, कोर्टात दुसरंच. भारतीय पुरावा अधिनियमाचं कलम १५४ एवढंच म्हणत होतं की, न्यायालयाच्या परवानगीने पक्षकार आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतो. तिथे फितुरीचा उल्लेख नाही, आणि अशा साक्षीदाराची सगळी साक्ष आपोआप बाद होते असंही नाही. त्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकतं. माणूस घाबरला असेल, त्याला धमकावलं असेल, किंवा पहिला जबाबच त्याचा नसेल. 'साक्षीदार उलटला' लिहिलं तर घटना कळते. 'फितूर' लिहिलं की निकालही लागून जातो.

माणसाशी नव्हे तर कामाशी टिकून राहण्याचे शब्द वेगळे आहेत, आणि त्यांना मीठ लागत नाही. चिकाटी ही चिकटची बहीण. पण गुण म्हणून सांगायचं तर चिकाटीचा किंवा चिवट माणूस म्हणावं. चिकट म्हटलंत तर तो कंजूष झाला. फलंदाजी चिवट असते, शिळी भाकरीही चिवटच. चिकाटी 'धरतात', नेट 'लावतात'. आता इंटरनेटचं नेट घरोघरी आल्यापासून लिंगाकडे लक्ष द्यावं लागतं. 'त्याने नेट लावला' म्हणजे जोर केला, 'त्याने नेट लावलं' म्हणजे मोबाइल उघडला. जिद्द मराठीत कौतुकाची, हिंदीतली 'जिद' हट्टाची. आपल्याकडे हट्टाला हेका आहे. फरक एवढाच की जिद्दीचा माणूस रस्ता बदलून का होईना पोचतो, हेकट माणूस रस्त्यालाच धरून बसतो. धीर धरतात, देतात, तो सुटतो. 'धैर्य दिलं' असं सहसा होत नाही. सबुरी शिर्डीमुळे घराघरांत टिकली. आणि वारकरी या गोष्टीला मोठं नाव देतच नाही. माळ घातली, वारी धरली. धरलेली वारी चुकू द्यायची नाही, संपलं.

ठाम, खंबीर आणि दृढ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मत आणि नकार ठाम. पाठिंबा देणारा माणूस, नेतृत्व खंबीर. निश्चय, विश्वास दृढ. 'खंबीर नकार' कानाला खटकतो, 'ठाम आधार' त्याहून. भाव स्थिर असतात आणि दवाखान्यातल्या पेशंटची प्रकृती स्थिर असते. स्थिरपणात कुणाचं श्रेय नाही.

अढळ आणि अटळ यांची अदलाबदल ही मात्र खरोखर अर्थ फिरवणारी चूक. ढळत नाही ते अढळ, टळत नाही ते अटळ. 'अटळ निष्ठा' लिहिलं तर ती मृत्यूसारखी, करासारखी, नाइलाजाची निष्ठा झाली. घोटाळा हिंदी 'अटल'मुळे होतो, कारण तिथे अटल म्हणजे आपलं अढळ. अढळपदाचा मालक ध्रुव. खगोलशास्त्र त्यालाही पूर्ण सोडत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा, त्यामुळे ध्रुवतारा पाळीपाळीने बदलतो. लग्नात सप्तपदीनंतर नवरीला ध्रुव दाखवतात तो त्याच्या अढळपणासाठी. त्याआधी लाजाहोमाच्या वेळी तिचा पाय दगडावर ठेवून म्हटलं जातं : 'अश्मेव त्वं स्थिरा भव', या दगडासारखी स्थिर हो. नवऱ्याकडून घेतलेला शब्द आहे 'नातिचरामि', धर्म, अर्थ, काम यांत मर्यादा ओलांडणार नाही. शब्द नीट ऐकले तर तिला दगड व्हायचं आहे, त्याला फक्त रेषा ओलांडायची नाही. एकनिष्ठ हा शब्द दोघांनाही लागतो, पतिव्रता एकीलाच, आणि 'पत्नीव्रता' असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही. एकपत्नी व्रत आहे, पण तो रामाचा विशेष गुण म्हणून सांगावा लागतो.

दुकानदारीत निष्ठा आणूच नये. 'आमच्या निष्ठावान ग्राहकांसाठी खास सवलत' हे 'लॉयल्टी'चं कागदी भाषांतर आहे. पेठेतला दुकानदार म्हणतो 'नेहमीचं गिऱ्हाईक', 'जुनं गिऱ्हाईक', फार तर 'बांधलेलं गिऱ्हाईक'. दूधवाल्याकडे रतीब असतो. रतीब लावतात, बंद करतात, आणि बंद केला म्हणून कुणी गद्दार ठरत नाही. 'बांधिलकी' सामाजिक असते, कायद्याने माणूस 'बांधील' असतो. 'कटिबद्ध' म्हणजे कंबर कसलेला. शासन इतक्या गोष्टींसाठी एकाच वेळी कटिबद्ध असतं की कंबर किती ते विचारावंसं वाटतं.

उरला अर्जाखालचा 'विश्वासू'. 'आपला विश्वासू' ही इंग्रजी पत्राची रीत मराठीत आली आणि पक्की बसली. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो माणूस. बातमी किंवा कागद विश्वासू होत नाही, ते विश्वसनीय किंवा विश्वासार्ह. छापील नमुना उतरवताना बाईंच्या सहीवरही 'आपला' राहून जातं. तिथे 'आपली विश्वासू' हवं, आणि सोसायटीच्या अर्जाखाली बाराजणांच्या सह्या असतील तर 'आपले विश्वासू'.